संपादकहो, तुमच्या घाईची किंमत कोण मोजतं?

प्रति,
मराठी आणि हिंदी वृत्तवाहिन्यांचे संपादक, वृत्तसंकेतस्थळांचे प्रमुख आणि रात्रपाळीला डेस्क सांभाळणारे सर्वजण यांस

सप्रेम नमस्कार.

मे २०२५च्या पहिल्या आठवड्यात पूंछमध्ये सीमेपलीकडून तोफगोळे पडले आणि त्यांत मदरशात शिकवणारे एक गृहस्थ मरण पावले. लगोलग काही राष्ट्रीय वाहिन्यांनी त्यांचा फोटो पडद्यावर लावला आणि भारताच्या कारवाईत ठार झालेला दहशतवादी म्हणून त्यांची ओळख करून दिली. हे गृहस्थ स्थानिक धर्मशिक्षक होते, गावात त्यांना मान होता, दहशतवादाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, हे सांगायला पूंछ पोलिसांना निवेदन काढावं लागलं. पुढे तिथल्या न्यायालयाने या प्रकरणी गुन्हा नोंदवायला सांगितलं. घरात दुखवटा असताना त्या कुटुंबाला टीव्हीवर काय पाहावं लागलं, ते मी इथे रंगवत नाही. मला फक्त कामाचा प्रश्न विचारायचा आहे. तो फोटो एअरवर जाण्याआधी पूंछला कुणी एक फोन केला होता का?

दहशतवादी हल्ल्यांच्या वार्तांकनावर परिसंवाद पुष्कळ होतात. एक वक्ता राष्ट्रहित म्हणतो, दुसरा लोकांचा जाणून घेण्याचा हक्क म्हणतो, टाळ्या दोघांनाही मिळतात. या मोठ्या शब्दांखाली एक साधी गोष्ट दबून राहते. हल्ल्यानंतरच्या पहिल्या तासांत न्यूजरूममध्ये जी घाई चालते, तिची किंमत वाहिनी मोजत नाही. ती भलतेच लोक मोजतात, आणि बऱ्याचदा त्यांच्यापर्यंत साधी दिलगिरीसुद्धा पोचत नाही. या पत्राचा विषय एवढाच आहे.

पूंछच्या दोन आठवडे आधी पहलगाम झालं. २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली. त्यात लग्नाला काही दिवसच झालेला एक नौदल अधिकारी होता. एका जोडप्याचा नाचतानाचा व्हिडिओ त्या अधिकाऱ्याचा आणि त्याच्या पत्नीचा शेवटचा व्हिडिओ म्हणून फिरायला लागला. समाजमाध्यमांवर फिरला हे एक वेळ समजू शकतो. तो बातम्यांतही आला. मग व्हिडिओतल्या खऱ्या जोडप्याला पुढे येऊन सांगावं लागलं की आम्ही जिवंत आहोत आणि हे आम्ही आहोत. इकडे जी खरी विधवा होती, तिने मुसलमानांचा आणि काश्मिरींचा द्वेष करू नका असं आवाहन केलं, तर तिच्यावरच शिव्यांचा भडिमार झाला. दुःखाचा चेहरा म्हणून ती चालली, दुःखात तिने काय म्हटलं ते मात्र अनेकांना चाललं नाही.

घाई जिवावर कशी बेतते याचं जुनं उदाहरण म्युनिकचं आहे. ५ सप्टेंबर १९७२, ऑलिंपिकचं खेळाडूग्राम, इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक ओलीस. सुटकेसाठी पोलीस खेळाडूंचे ट्रॅकसूट घालून इमारतीच्या छपरावर चढले. कॅमेरे समोरच लागलेले होते. खेळाडूग्रामातल्या खोल्यांमध्ये टीव्ही होते आणि आतले बंदूकधारी तेच प्रक्षेपण बघत होते. पोलिसांना माघारी यावं लागलं. त्याच रात्री उशिरा सगळे ओलीस सुखरूप सुटल्याची बातमी जगभर गेली. अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितलं, वृत्तसंस्थांनी पाठवलं, वर्तमानपत्रांनी छापून टाकलं. काही तासांनी कळलं की एकही ओलीस वाचलेला नाही. त्या हल्ल्यात इस्रायलची ११ माणसं गेली. चांगली बातमी देण्याची घाईही किती क्रूर ठरते, ते मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांनी त्या रात्री भोगलं.

आपण ३६ वर्षांनी तोच धडा पुन्हा गिरवला, तोही जास्त कॅमेरे लावून. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत सुरू झालेला हल्ला २९ तारखेच्या सकाळी संपला. १६६ माणसं गेली. दहा हल्लेखोरांना पाकिस्तानात बसलेले म्होरके फोनवरून सूचना देत होते, आणि त्या म्होरक्यांपुढे आपल्या वाहिन्या चालू होत्या. टिपले गेलेले संवाद उपलब्ध आहेत, तुम्ही सगळ्यांनी ते वाचलेले असणार. हॉटेलात मंत्री आहेत ही खबर ते बाहेरून आतल्यांना देतात. माध्यमं या कारवाईची तुलना अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरशी करताहेत, असं अभिमानाने सांगतात. ताजमध्ये आग लावा म्हणून तगादा लावतात, कारण ज्वाळा लोकांना दिसायला हव्यात. म्हणजे काय दिसायला हवं याचा विचार तिकडे शांतपणे चालू होता. इकडे मात्र ज्याची थेट प्रक्षेपणाची गाडी, म्हणजे ओबी व्हॅन, जास्त जवळ, तो पुढे, इतकंच गणित होतं. नरिमन हाउसवर हेलिकॉप्टरमधून दोरावर उतरणारे कमांडो देशाने थेट पाहिले. देशाबाहेर ज्यांनी पाहू नये त्यांनीही पाहिले.

२९ ऑगस्ट २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने कसाबचं अपील फेटाळलं, तेव्हा निकालपत्रात याच प्रक्षेपणाची स्वतंत्र चर्चा केली. ती पानं प्रत्येक प्रशिक्षणार्थी पत्रकाराला वाचायला द्यावीत अशी आहेत. कुठल्या दृश्यामुळे कुठला जवान जखमी झाला हे सांगता येणार नाही, पण त्यांचं काम या दृश्यांनी अधिक कठीण आणि धोक्याचं केलं, असं न्यायालयाने म्हटलं. हीच दृश्यं सगळे हल्लेखोर संपल्यावर दाखवता आली असती, फक्त मग त्यांचा थरार आणि त्याबरोबर टीआरपी तेवढा राहिला नसता, हेही म्हटलं. आणि सर्वांत झोंबणारं वाक्य असं, की माध्यमांचं नियमन आतूनच व्हायला हवं या युक्तिवादाला सर्वांत मोठा धक्का खुद्द माध्यमांनीच या वार्तांकनातून दिला.

त्यानंतर २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजनच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवाद्यांविरुद्धची कारवाई चालू असताना तिचं थेट प्रक्षेपण करायचं नाही. सरकारने नेमलेला अधिकारी अधूनमधून जी माहिती देईल तेवढ्यावर भागवायचं. हा नियम मला योग्य वाटतो. पण त्याची मजल कुठवर आहे ते बघा. चकमक संपली की नियम संपला. त्यानंतरचे तास, महिने, वर्षं मोकळी आहेत, आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं.

‘आम्ही नाही दाखवलं तर दुसरा दाखवेल’ हे उत्तर तुमच्याकडून नेहमी येतं. फ्रान्समध्ये जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या एका ज्यू दुकानात बंदूकधाऱ्याने ग्राहकांना ओलीस धरलं, तेव्हा काहीजण तळघरातल्या शीतगृहात लपले होते. हल्लेखोराला त्यांचा पत्ता नव्हता. एका वृत्तवाहिनीने थेट प्रक्षेपणात सांगून टाकलं की आत शीतगृहात कुणीतरी लपलेलं आहे. लपलेल्यांपैकी काहींनी पुढे वाहिनीविरुद्ध फिर्याद केली. गंमत अशी, की त्याच वाहिनीचं त्या दिवशी हल्लेखोराशी फोनवर बोलणं झालं होतं, आणि ते बोलणं तिने पोलीस कारवाई संपेपर्यंत हातात धरून ठेवलं होतं. एवढा मोठा एक्स्क्लुझिव्ह फोनो तासन्तास रोखता येतो, तर शीतगृहाचं एक वाक्य का रोखता येऊ नये? थांबणं अशक्य आहे हे म्हणणं त्या एका दिवसानेच खोटं ठरवलं.

आणि सगळे मिळूनही थांबता येतं. १५ मार्च २०१९ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं गेली. मारेकऱ्याने हल्ला फेसबुकवर थेट दाखवला. पहिल्या २४ तासांत त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्याचं कंपनीने सांगितलं. त्याचा बेतच तो होता: बंदूक, कॅमेरा आणि आधी लिहून ठेवलेला जाहीरनामा. पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी संसदेत त्याचं नाव घ्यायचं नाकारलं, ते सर्वांना माहीत आहे. त्यानंतरची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. त्या देशातल्या पाच प्रमुख माध्यमसंस्थांनी, ज्या एरवी एकमेकींच्या स्पर्धक आहेत, खटला सुरू होण्याआधी एकत्र बसून लेखी ठरवलं की जाहीरनाम्यातला मजकूर द्यायचा नाही, न्यायालयात त्याने वर्णद्वेषी हातवारे केले तर दाखवायचे नाहीत, त्याच्या विचारांचा प्रचार होईल अशा विधानांना जागा द्यायची नाही. खटल्याचं वार्तांकन मात्र करायचं. कुठल्याही मंत्रालयाने हे त्यांना सांगितलं नव्हतं.

मारेकऱ्याचं नाव आणि फोटो द्यावा की नाही, यावर माझं मत तितकंसं कडक नाही. फ्रान्समधल्या नीस शहरावरच्या हल्ल्यानंतर, २०१६ मध्ये, ‘ल मोंद’ या फ्रेंच वर्तमानपत्राने हल्लेखोरांचे फोटो छापणं बंद केलं. फोटोपुरतं ते मला पटतं, कारण हसऱ्या चेहऱ्याचा जुना फोटो दिवसभर लूपवर फिरवल्याने प्रेक्षकाच्या माहितीत कणभर भर पडत नाही. पण नावच लपवलं तर अफवा ती जागा घेतात, आणि अशा वेळी अफवा कुणाचं नाव घेतील हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. नॉर्वेत २२ जुलै २०११ला ७७ माणसं मारली गेली, तेव्हा जगभरच्या स्टुडिओंतल्या तज्ज्ञांनी पहिल्या तासातच जिहादी संघटनांकडे बोट दाखवलं. मारेकरी निघाला तिथलाच, गोरा, इस्लामद्वेष्टा. ओक्लाहोमा सिटीत १९९५ला हेच झालं होतं. त्यामुळे नाव एकदा सांगा, खातरजमा करून सांगा आणि पुढे चला.

जाहीरनाम्यांचा प्रश्नही सरळ नाही. अमेरिकेत १७ वर्षं टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या माणसाचा ३५,००० शब्दांचा लेख ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने सप्टेंबर १९९५ मध्ये छापला. छापला नाही तर आणखी माणसं मारीन अशी धमकी होती. यावर टीका झाली. पण तो लेख वाचून त्याच्या भावाला ती विचारसरणी आणि भाषा ओळखीची वाटली, आणि काही महिन्यांत तो पकडला गेला. मात्र तो निर्णय तपासयंत्रणांशी बोलून, जवळपास तीन महिने विचार करून घेतलेला होता. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल पाच मिनिटांत ब्रेकिंगला लावण्याशी त्याचं काही नातं नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. अटक.

हल्ल्यानंतर पोलिसांवर दबाव असतो, सरकारवर दबाव असतो, आणि अटक झाली की सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. काळे बुरखे चढवलेली माणसं कॅमेऱ्यांसमोरून नेली जातात. संध्याकाळपर्यंत त्यांतला एक मास्टरमाइंड ठरतो. त्याने कबुली दिल्याचं सूत्रांच्या हवाल्याने सांगितलं जातं. आपल्या सर्वसाधारण कायद्यात पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. ज्या विशेष कायद्यांनी ती चालवून घेतली, तिथे काय झालं तेही बघा. तुमच्याकडे मात्र ती थेट मथळा होते.

अटलांटात १९९६च्या ऑलिंपिकदरम्यान एका सुरक्षारक्षकाने बेवारस पिशवी पाहून पोलिसांना सावध केलं, लोकांना मागे हटवलं, म्हणून स्फोटात कित्येक जीव वाचले. तीन दिवसांत वर्तमानपत्राने त्याच्यावरच एफबीआयचा संशय असल्याचं छापलं, आणि पुढचे जवळपास तीन महिने त्याच्या दारात कॅमेरे होते. त्याच्यावर आरोप कधी ठेवलाच गेला नाही. खरा गुन्हेगार २००३ मध्ये सापडला. हे प्रकरण जगभरच्या पत्रकारितेच्या वर्गांत शिकवतात. आपली प्रकरणं मात्र कुठल्याच वर्गात शिकवली जात नाहीत.

अक्षरधाम घ्या. सप्टेंबर २००२ मध्ये गांधीनगरच्या मंदिरावर हल्ला झाला, ३० हून अधिक माणसं मारली गेली. कट रचल्याबद्दल सहाजणांना शिक्षा झाली, त्यांतल्या तिघांना फाशीची. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं, त्यांचे कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत, तपासावर कडक ताशेरे ओढले. तारीख होती १६ मे २०१४. त्या दिवशी लोकसभा निवडणुकीचे निकाल लागत होते. तुरुंगात अकरा वर्षांच्या आसपास काढलेली माणसं सुटली, ती पडद्याखालच्या टिकरवर तरी किती वेळ राहिली असतील? त्या दिवशीचं समजू शकतो. पण दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात?

११ जुलै २००६ला मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरलं, पाचजणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने ती सगळी शिक्षा रद्द केली. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी विशेष कायद्याखाली घेतलेले कबुलीजबाब ग्राह्य धरले नाहीत. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयाने हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही. अंतिम निवाडा काहीही लागो, एकोणीस वर्षं गेली. दोषी नसतील तर त्यांची गेली. आणि स्फोटांत ज्यांची माणसं गेली त्यांचीही गेली, कारण मग खरे गुन्हेगार कोण हा प्रश्न २००६ मध्ये होता तिथेच उभा आहे. चुकीचा आरोपी ठसवणारी बातमी मृतांच्या कुटुंबांशीही दगा करते. तपासाला प्रश्न विचारायचे ते दिवस ती टाळ्या वाजवण्यात घालवते. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणून खांदे उडवणाऱ्यांना एवढंच सांगतो, की इथे सुकं जळालं की नाही तेच अजून ठाऊक नाही.

हे सगळं वाचून सरकारने कायदा करावा अशी मागणी कुणी करेल. माझी ती मागणी नाही. ब्रिटनने १९८८ मध्ये सिन फेन हा आयरिश पक्ष आणि इतर काही संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करायला बंदी घातली. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी त्याच्या तीन वर्षं आधीच दहशतवाद्यांचा प्रसिद्धीचा प्राणवायू तोडण्याची भाषा केली होती. वाहिन्यांनी चित्र तेच ठेवलं आणि नटांकडून शब्द बोलवून घेतले. सहा वर्षं हा पोरखेळ चालला. आपल्याकडे २०१६ मध्ये पठाणकोट हवाई तळावरच्या हल्ल्याच्या वार्तांकनावरून एका हिंदी वाहिनीला एक दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला आणि गदारोळ झाल्यावर स्थगित झाला. नियम सरकारच्या हातात गेला की तो कुणावर चालवायचा हेही सरकारच ठरवतं. उरतं ते तुमचं स्वनियमन. त्यात दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये होती, आणि एवढ्या दंडाने कुणाला फरक पडतो का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये विचारावा लागला. दहा सेकंदांच्या जाहिराती विकणाऱ्या धंद्याला हा आकडा कसा वाटत असेल, तुम्हीच जाणे.

(जाता जाता: मे २०२५ मध्ये नागरी संरक्षण विभागाला तुम्हाला लेखी सांगावं लागलं की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वाजवू नका, नाहीतर खरा भोंगा वाजला तर लोक हलणार नाहीत. हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं.)

माझ्या मागण्या खर्चिक नाहीत. मेलेल्या किंवा पकडलेल्या माणसाला दहशतवादी म्हणण्याआधी घटनास्थळाच्या जिल्ह्यातून दुजोरा घ्या, आणि तो कुणी दिला हे पडद्यावर लिहा. सूत्रांच्या कबुल्या चालवायच्या बंद करा. शोकातल्या नातेवाइकाने बाइट देऊन झाल्यावर ती वापरू नका असं म्हटलं, तर वापरू नका. आणि ज्याची अटक तुम्ही आठ कॉलमी मथळ्यात किंवा प्राइम टाइमला दिली, त्याची सुटका त्याच जागी, त्याच वेळेला द्या.

एक काम तर उद्या सकाळी सुरू करता येईल. तुमच्या यूट्यूब वाहिन्यांवर आणि संकेतस्थळांवर जुन्या अटकांच्या बातम्या जशाच्या तशा आहेत. सुटून आलेला माणूस नोकरी मागायला किंवा भाड्याचं घर बघायला जातो, तेव्हा समोरचा माणूस त्याचं नाव शोधतो आणि त्याला निकालपत्राच्या आधी तुमचा लाल अक्षरांतला थंबनेल दिसतो. त्या बातम्या पुसून टाका असं मी म्हणत नाही. तो इतिहास आहे, राहू द्या. प्रत्येकीच्या डोक्यावर न्यायालयाचा निकाल आणि तारीख ठळकपणे लिहा. एका उपसंपादकाला यादी करून दिली तर काही आठवड्यांचं काम आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच संस्थांकडे अशा प्रसंगांसाठी काही ना काही लेखी सूचना असतीलच. त्या कपाटातून काढून जाहीर करा. रेल्वे स्फोटांचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयातून यायचा आहे. तो येईल तेव्हा आम्ही तुमचं बुलेटिन त्या सूचना शेजारी ठेवून पाहू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक प्रेक्षक